काचेचा डबा आणि चांद्याचे रान

पुस्तकाचे परीक्षण लिहितात, नाटकाचे लिहितात, अलीकडे तर खाणावळींचेही लिहितात; आगगाडीच्या डब्याचे परीक्षण कोणी लिहिल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही. वस्तुतः डबा हीदेखील विचारपूर्वक घडवलेली कृतीच असते. खिडकी कुठे असावी, केवढी असावी, बसणाऱ्याचे तोंड कुणीकडे असावे, हे सारे कोणीतरी ठरवलेले असते. आणि ज्या डब्याचे प्रयोजनच मुळी प्रवाशाला काही दाखवणे हे आहे, तो नेमके काय दाखवतो आणि काय झाकतो हे विचारण्याचा हक्क तिकीट काढणाऱ्याला असलाच पाहिजे. तेव्हा फराळाचे ताट पुढे घेऊन अंक चाळणाऱ्या वाचकांनी हे डब्याचे परीक्षण गोड मानून घ्यावे.

निमित्त असे. २०१७ साली विशाखापट्टणमहून अराकूच्या डोंगरांत जाणाऱ्या गाडीला छतालाही काच असलेला एक डबा लागला. त्याच वर्षी तसा डबा आपल्या कोकणात मडगावच्या जनशताब्दीला आला. पुढे २०२१ च्या जूनमध्ये डेक्कन एक्सप्रेसला आणि ऑगस्टमध्ये डेक्कन क्वीनला तो जोडण्यात आला. रेल्वेने त्याचे नाव 'व्हिस्टाडोम' ठेवले आहे. नव्या डब्यात ४४ आसने, प्रत्येक आसन मागेपुढे फिरवता येणारे, बाजूंना रुंद खिडक्या, आणि एका टोकाला मोठ्या काचेपुढे उभे राहून पाहण्याची सोय, असा एकंदर थाट आहे. तेव्हापासून आमच्या चंद्रपूरकडे एक प्रश्न घोळतो आहे. ताडोब्याचे रान आपल्या दाराशी. बल्लारशाहून गोंदियाला जाणारी गाडी या रानाच्या अंगाला घासून जाते. मग आपल्यालाच असा डबा का नको? मी या गाडीचा जुना प्रवासी असल्यामुळे हा प्रश्न बऱ्याचदा माझ्यापुढे येऊन बसतो. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी हा डबा आला कुठून, हे पाहिले पाहिजे.

त्याचे कूळ शोधू गेल्यास मौज वाटते. अमेरिकेत मालगाडीच्या शेपटाला गार्डाचा एक डबा असे आणि त्याच्या टपावर खिडक्यांची एक लहानशी कोठडी काढलेली असे. गार्डाने त्या कोठडीत चढून बसायचे आणि पुढच्या लांबलचक गाडीवर नजर ठेवायची : कुठे आस तापून धूर तर निघत नाही, कुठे माल तर कलंडला नाही. डोंगरदऱ्यांची शोभा पाहण्यासाठी त्याला कोणी वर चढवले नव्हते. पुढे १९४४ मध्ये जनरल मोटर्स कंपनीचे सायरस ऑसबर्न नावाचे अधिकारी कोलोरॅडोतल्या ग्लेनवुड दरीतून प्रवास करीत होते. उंच आणि मोकळ्या जागेवरून ही दरी जशी दिसते तशी आत पैसे भरून बसलेल्या प्रवाशाला मुळीच दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्याच वर्षी बर्लिंग्टन रेल्वेने आपल्या ऑरोराच्या कारखान्यात एका डब्याच्या छतावर काचेचा घुमट चढवला आणि त्याला 'सिल्व्हर डोम' असे नाव दिले. आपल्या काचेच्या छताची आजी ती हीच.

त्याआधी चलती होती ती शेवटच्या डब्याच्या मागच्या बाजूची. रॉकी पर्वत ओलांडून गेलेल्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच प्रवाशांना उघड्यावर बसून डोंगर पाहता यावेत अशी सोय केली होती. इंग्लंडात १९४७ साली सुरू झालेल्या 'डेव्हन बेल' या गाडीच्या शेवटी असाच एक थाटाचा डबा असे. मात्र या डब्याची एक पंचाईत असते. त्याला कायम शेवटीच राहावे लागते. म्हणजे गाडी मुक्कामाला पोचली, की त्याला एकट्याला सोडवून, फिरवून, परतीच्या गाडीच्या शेवटी पुन्हा नेऊन लावायचे. वरातीतल्या रुसलेल्या मामाचीच ही तऱ्हा. आताच्या डब्यात माणसांची आसनेच फिरतात; ही युक्ती मला पसंत आहे.

आपल्याकडे मागची खिडकी लोकांच्या ओळखीची झाली ती साहेबाच्या सलूनमुळे. रेल्वेचा अधिकारी पाहणीला निघाला, की त्याचा डबा गाडीच्या शेवटी जोडतात. साहेब मागच्या काचेपाशी बसतो आणि पायाखालून निघून जाणारे रूळ, गिट्टी, पूल, फाटके न्याहाळत जातो. रेल्वेत याला 'विंडो ट्रेलिंग' म्हणतात आणि ते आजही चालते. म्हणजे टपावरची कोठडी घ्या की मागची खिडकी घ्या, दोन्हींचा संबंध कामाशी होता. काही बिघडू नये, कोणी चिरडले जाऊ नये, म्हणून ठेवलेला तो पहारा होता. 'पहारा' आणि 'पाहणे' या शब्दांची व्युत्पत्ती भिन्न आहे हे मी जाणतो, पण कानाला ते सख्खे भाऊ वाटतात. आणि या डब्याच्या बाबतीत तर थोरल्याची जागा धाकट्याने केव्हा घेतली ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

या बदलाला माझी हरकत नाही. खंडाळ्याच्या घाटात काचेचा डबा शोभतो, असेच माझे मत आहे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या बोरघाटाची रचनाच मुळी नाट्यमय आहे. बोगद्याच्या अंधाराने पडदा पडतो; बाहेर येताच दरी एकदम उघडते; नजर खाली सरकेपर्यंत पुन्हा पडदा. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पाणी सुटलेले असते, तेव्हा मान वर करून पाहायलाही काही असते, आणि छताला काच का, हे विचारावे लागत नाही. घाटात देखावा दूर असतो, रुंद असतो आणि गाडी त्याच्याभोवती वळसे घेत असते. पाहणारा, पाहण्याची वस्तू आणि दोघांमधले अंतर, ही तिन्ही तिथे निसर्गाने आणि इंजिनिअरांनी मिळून जुळवून ठेवलेली आहेत. (आत बसलेल्यांपैकी अर्धे लोक दरीऐवजी हातातल्या फोनमधली दरी पाहतात, हा दोष डब्याचा नव्हे.)

चांद्याकडे यातले काहीच नाही. चांदा फोर्ट सुटले, की चिचपल्ली, केळझर, मूल, सिंदेवाही आणि नागभीड अशी स्थानके येतात. जमीन बहुतेक सपाट. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि मध्येमध्ये बांबूची बेटे. झाडी रुळांपासून थोड्याच अंतरावर उभी असते, भिंतीसारखी. दरी नाही, कडा नाही, वळण नाही. अशा ठिकाणी छताला काच लावली तर दिसेल ते नुसते आभाळ. आणि वैशाखातल्या चंद्रपूरचे आभाळ डोक्यावर घेऊन बसण्याची हौस कोणाला असेल असे वाटत नाही. बाजूच्या रुंद खिडकीतूनही वेगात जाताना सागाचे बुंधे एकात एक मिसळून नुसते पट्टे दिसतात. रानात पाहण्यासारखे जे असते ते जवळ, लहान आणि निश्चल असते. पानाआड थबकलेला भेकर किंवा ओलीतले पाऊल पाहायला गती सोसत नाही.

म्हणूनच आमच्या मराठी रानलेखकांचा पिंड बसून पाहणाऱ्याचा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' हे एका अरण्यात तळ देऊन झालेले पुस्तक आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीतली कित्येक वर्षे नवेगावच्या तळ्याकाठी काढली. गोंदियाची गाडी त्याच मुलखातून जाते. पण चितमपल्लींचे पक्षी गाडीतून दिसणारे पक्षी नव्हेत. ते त्याच तळ्यावर, त्याच ऋतूत, वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहिलेले आहेत. या लेखनाशेजारी काचेचा डबा ठेवून पाहिला, की त्याची मर्यादा चटकन कळते. दाखवता येण्याजोगे जे असेल तेच तो दाखवू शकतो.

रान थोडेफार दिसण्याजोगी एक गाडी आमच्याकडे होती, पण तिच्यावर काचेचा तुकडा नव्हता. नागपूरच्या इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर करीत नागभीडला येणारी ती अडीच फुटी रुळांची गाडी. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या प्रारंभी या भागात असे छोटे रूळ टाकले. त्यांतला गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग पुढे रुंद झाला. नागपूर–नागभीड मात्र नोव्हेंबर २०१९ पर्यंत तसाच राहिला. तिची चाल एवढी सावकाश, की खिडकीतल्या माणसाला झाडाची जात ओळखता यावी. भिवापूरला मिरचीची पोती, चैत्रात मोहाच्या टोपल्या, लग्नसराईत वऱ्हाडी मंडळी, असा आत सारा संसार. आणि पलीकडे रान. त्या गाडीत कोणी रान 'पाहायला' बसत नसे. मोह कुठे कसा गळला, तळ्याला पाणी किती उरले, एवढेच ज्याला त्याला हवे असे, आणि तेवढे दिसत असे. मला तरी पाहण्याचा हा प्रकार काचेच्या छतापेक्षा वरच्या प्रतीचा वाटतो.

रेल्वेने स्वतः या रानाकडे कसे पाहिले, तेही सांगितले पाहिजे. १८६४ मध्ये इंग्रजांनी वनखाते स्थापन केले, त्यामागे रुळांखालच्या स्लीपरांसाठी लागणाऱ्या लाकडाची चिंता फार मोठी होती. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रूळ आले ते कोळशासाठी. तेव्हा साग स्लीपरच्या मापाने आणि जमीन कोळशाच्या वजनाने पाहण्याची सवय जुनी आहे; 'निसर्गरम्य' हा शब्द तिथे फार उशिरा आला.

आणि आता मूळ पहाऱ्याकडे वळावे लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीजवळच्या जंगलात, याच मार्गावर, वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. ही बातमी वाचली त्या दिवशी मला काचेच्या डब्याचा विषय प्रथमच क्षुल्लक वाटला. ज्या रानात रूळ हीच जनावरांची वाट आडवी कापतात, तिथे गाडीत पाहणारा हवा तो पुढे, इंजिनात. तिथे असतो तो चालक. रात्रीच्या वेळी त्याला दिव्याच्या झोताएवढेच दिसते, आणि दिसले तरी धावती गाडी थांबायला शेकडो मीटर लागतात. दुसरा पाहणारा म्हणजे कीमन. खांद्यावर पाना-हातोडा आणि हातात झेंड्या घेऊन तो आपल्या हद्दीतले रूळ रोज पायी तपासत जातो, तेही वाघाच्या मुलखातून. या मार्गाविषयी सर्वांत चांगले पुस्तक कोणी लिहू शकेल तर तो लिहील. दुर्दैवाने त्याला कोणी दिवाळी अंकात लिहायला सांगत नाही.

हा प्रश्न आज ऐरणीवर आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोंदिया–बल्लारशा या सुमारे २४० किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. नागपूर–नागभीड मार्ग रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा उमरेड–कऱ्हांडला अभयारण्यालगतचा भाग खांबांवरून न्यावा, अशी मागणी वन्यजीवप्रेमींनी लावून धरली. गडचिरोली जिल्ह्याला आजवर वडसा (देसाईगंज) हे एकच स्थानक होते. वडशाहून गडचिरोलीला जाणारा सुमारे ५० किलोमीटरचा नवा मार्गही रानातूनच काढला जात आहे. या जिल्ह्याला रेल्वे नको, असे म्हणण्याचा अधिकार मोटारीतून हिंडणाऱ्या आम्हा मंडळींना नाही. आजारी माणसाला नागपूरला न्यायचे असते, मुलांना शिकायला जायचे असते. पण रूळ जमिनीवरून न्यायचे की खांबांवरून, खाली वाटा किती आणि केवढ्या सोडायच्या, रात्री वेग किती ठेवायचा, हे ठरवताना पैशाचा प्रश्न निघणारच. आणि तेव्हा शोभेच्या डब्याला पैसा आणि जनावराच्या वाटेला काटकसर, असा हिशेब कोणी मांडला तर तो मला मान्य नाही.

काय करता येते याचा दाखला लांब नाही. नागपूरहून सिवनीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या जंगलात काही ठिकाणी उंचावरून नेला आहे. त्याच्या खालून वाघासकट कितीतरी प्राणी ये-जा करताना तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. वरून मोटारी चाललेल्या असतात आणि मोटारीतल्यांना खालच्या वाघाचा पत्ताही नसतो. रानातला प्रवास असाच व्हावा, असे मला वाटते.

तेव्हा ज्यांनी मला विचारले त्यांना माझे सांगणे असे : डबा मागायचाच असेल तर साधा, मोठ्या खिडक्यांचा, काच वर सरकवता येईल असा मागा, आणि तो दिवसाच्या गाडीला मागा. सकाळी बल्लारशाहून निघालात तर डाव्या हाताला बसा. ऊन तोंडावर येत नाही आणि नागभीडपर्यंत ताडोब्याकडची बाजूही तीच. जायचे तर फाल्गुनात जा. सागाची पाने गळालेली असतात, त्यामुळे नजर थोडी आत शिरते, आणि पळस फुललेला असतो. ब्रह्मपुरीनंतर मात्र डावे-उजवे विसरून दाराजवळच्या खिडकीशी या. वैनगंगेचा पूल येतो. तिथे झाडी मागे हटते, पात्रातली वाळू, पाण्याची धार आणि काठावरची माणसे असे सारे एकदम मोकळे होते. या साऱ्या मार्गावर काचेच्या डब्याचे पैसे वसूल होतील अशी जागा हीच. आणि पलीकडे वडसा.