जळू, बीज आणि सावड : बिटटॉरेंटच्या परिभाषेचे परीक्षण

पारिभाषिक संज्ञा वर्णनासाठी असावी, निवाड्यासाठी नसावी, असा शास्त्रीय लेखनाचा सामान्य संकेत आहे. संगणकांच्या परस्पर फाईल-विनिमयाच्या क्षेत्रात हा संकेत आरंभापासूनच पाळला गेलेला दिसत नाही. ह्या विनिमयात सहभागी होणाऱ्या प्रत्येक यंत्राला 'पीअर' म्हणजे बरोबरीचा म्हटले जाते. ज्याच्यापाशी फाईल संपूर्ण आहे तो 'सीडर', म्हणजे बीज पेरणारा. ज्याच्यापाशी ती अपूर्ण आहे तो 'लीचर', म्हणजे जळू. आणि एखाद्याला देणे तात्पुरते थांबवले की ते 'चोकिंग', म्हणजे गळा आवळणे. समाजव्यवस्था, शेती, जीवसृष्टी आणि हाणामारी अशा चार ठिकाणांहून आलेले हे शब्द एकाच यंत्रणेच्या वर्णनासाठी एकत्र नांदतात. त्यांपैकी कोणता शब्द यंत्रणेशी प्रामाणिक आहे आणि कोणता तिच्याविषयी गैरसमज पसरवतो, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. ह्या जाळ्यावर ठेवलेला ग्रंथ दहा वर्षांनी मिळेल की नाही, हेही काही अंशी त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम 'पीअर'. समान ह्या अर्थाच्या लॅटिन 'पार' शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. परंतु इंग्रजीत त्याच शब्दाने उमरावाचाही बोध होतो. उमराव आपापसांत समान असतात, इतरांशी नव्हे. हा दुहेरी अर्थ फाईल-विनिमयाच्या इतिहासाला अनपेक्षितपणे लागू पडतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅपस्टरमध्ये फाईली सदस्यांच्या यंत्रांवर असत, पण कोणती फाईल कोणापाशी आहे ह्याची सूची कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रांवर असे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाचा निर्णय तिच्या विरुद्ध गेला आणि जुलैमध्ये ती सेवा थांबली. मार्च २००० मध्ये आलेल्या ग्नुटेलाने मध्यवर्ती सूचीच काढून टाकली. तेथे प्रश्न शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे फिरत जाई. आता खरी समता आली असे वाटावे, तोच त्याच वर्षी एटन अडार आणि बर्नार्डो ह्यूबरमन ह्यांनी ग्नुटेलाच्या जाळ्याची पाहणी प्रसिद्ध केली. तीत जवळजवळ ७० टक्के सहभागी काहीच देत नव्हते आणि सुमारे निम्मी उत्तरे वरच्या १ टक्का यंत्रांकडून येत होती. 'पीअर' हा शब्द अधिकाराची समता सांगतो, आचरणाची नाही, हे येथेच स्पष्ट झाले. उमरावांची नवी पंक्ती तेवढी तयार झाली होती.

ह्या पार्श्वभूमीवर ब्रॅम कोहेन ह्यांचा २००३ मधील निबंध वाचला पाहिजे. बिटटॉरेंट हे सॉफ्टवेअर त्यांनी २००१ मध्ये प्रसृत केले होते. निबंधात त्यामागील विचार मांडला आहे. प्रलोभनाने व्यवस्था बळकट होते, हे प्रतिपादन त्याच्या शीर्षकातच आहे. निबंध लहान आहे, भाषा रोखठोक आहे आणि गणित जवळजवळ नाही. फाईलचे तुकडे करावेत, एक तुकडा सामान्यतः पाव मेगाबाइटचा असावा. प्रत्येक तुकड्याची ओळखखूण आधीच नोंदलेली असावी, म्हणजे अनोळखी माणसाकडून आलेला तुकडाही तपासून घेता येतो. जो तुकडा सर्वांत कमी जणांपाशी आहे तो आधी मागावा, म्हणजे दुर्मिळ तुकडा नाहीसा होण्याचा धोका टळतो. 'शेअर' ह्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी कापण्याचा अर्थ आहे, आणि मराठी 'वाटणे' ह्या क्रियापदातही विभागणी आहेच. अन्यत्र फाईल 'वाटली' असे म्हणणे लाक्षणिक असते. बिटटॉरेंटमध्ये ती खरोखरच तुकडे करून वाटली जाते, मात्र देणाऱ्याचा वाटा कमी होत नाही.

निबंधाचा गाभा देवघेवीच्या नियमात आहे. प्रत्येक यंत्र सामान्यतः चार जणांना देत राहते, आणि ते चार जण कोण, हे त्यांच्याकडून आपल्याला सध्या किती वेगाने मिळत आहे ह्यावरून ठरवते. हा निर्णय दर दहा सेकंदांनी नव्याने होतो. वेगाचा हिशेब मागील सुमारे वीस सेकंदांच्या सरासरीवरून होतो. ह्याखेरीज एका जागेवर, काही परतफेड न पाहता, कोणालातरी देऊन पाहिले जाते आणि ती जागा दर तीस सेकंदांनी बदलते. ह्या शेवटच्या तरतुदीला कोहेन ह्यांनी दिलेल्या नावात 'आशावादी' असे विशेषण आहे. सर्व परिभाषेत हाच एक शब्द असा आहे की जो यंत्रणेची वृत्ती नेमकी पकडतो. आलेल्या नवख्यापाशी देण्यासारखे काहीच नसते. कोणीतरी आशेने पहिला तुकडा दिल्याशिवाय त्याची देवघेव सुरूच होऊ शकत नाही.

आता 'लीचर' ह्या शब्दाकडे वळता येईल. हा शब्द बिटटॉरेंटच्या आधीचा आहे. टेलिफोनच्या तारांवरून चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांच्या काळात, जो नुसता घेतो आणि काहीच देत नाही, अशा सदस्याला ही शिवी होती, आणि ती त्या वेळी सार्थ होती. कोहेन ह्यांचा निबंध मुख्य विवेचनात साधे 'उतरवून घेणारा' असेच म्हणतो. 'लीचर' हा शब्द एका आकृतीखालच्या मजकुरात, अवतरणचिन्हांत, अपूर्ण प्रत असलेल्यांसाठी येतो. पुढे सॉफ्टवेअरच्या खिडक्यांतून आणि संकेतस्थळांच्या कोष्टकांतून अवतरणचिन्हे गळून पडली आणि शिवी तेवढी उरली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा एक विलक्षण अर्थविस्तार आहे. निंदा ज्या आचरणासाठी होती ते आचरण अर्थातून निघून गेले, पण निंदेची छटा मात्र गेली नाही. आता ज्याची प्रत अपुरी आहे असा प्रत्येक जण, तो कितीही देत असला तरी, जळूच ठरतो.

वस्तुस्थिती ह्याच्या उलट आहे. चारशे मेगाबाइटची फाईल हजार जणांना हवी असेल, तर एकाच मध्यवर्ती यंत्राला चार लाख मेगाबाइट पाठवावे लागतील. बिटटॉरेंटमध्ये मूळ धारकाने एका प्रतीइतके तुकडे जाळ्यात सोडले की उरलेला व्यवहार बहुतांशी घेणारेच आपापसांत पार पाडू शकतात. म्हणजे ज्यांना जळू म्हटले जाते तेच ह्या व्यवस्थेचे हमाल आहेत. शिवाय देवघेवीचा नियम लागू होतो तो केवळ त्यांनाच. (इंग्रजीत 'लीच' हा जुन्या काळी वैद्याचाही वाचक होता, कृमी आणि वैद्य हे दोन शब्द मूळचे एकच की वेगळे, ह्याविषयी मतभेद आहेत. आयुर्वेदातही जळवा लावणे हा उपचारच होय. पण कोष्टकात हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात ती स्मृती असण्याचा संभव नाही.)

'सीडर' ह्या शब्दाची अडचण नेमकी विरुद्ध दिशेची आहे. ज्याची प्रत पूर्ण झाली त्याला कोणाकडूनही काही घ्यायचे उरत नाही. त्यामुळे कोणाला द्यावे हे ठरवण्याचे मापच त्याच्यापाशी राहत नाही. निबंध ही गोष्ट मान्य करतो आणि अशा वेळी ज्यांच्याकडे जास्त वेगाने पाठवता येते त्यांना द्यावे, असा पर्याय नोंदवतो. कोणाला द्यावे ह्याचे हे उत्तर झाले; मुळात का द्यावे ह्याचे नाही. ज्या निबंधाचे शीर्षक प्रलोभनाची ग्वाही देते, त्यात व्यवस्थेतील सर्वांत आवश्यक घटकासाठी प्रलोभनच नाही, हा त्यातील मोठा दोष होय. 'बीज' ह्या रूपकाने तो झाकला जातो. बी पेरले की उगवते, ते निसर्गाचे काम आहे, असा भास त्या शब्दाने होतो. येथे उगवणे कोणाच्या तरी यंत्राच्या चालू राहण्यावर, विजेच्या देयकावर आणि सौजन्यावर अवलंबून असते. शेवटचा पूर्ण धारक निघून गेला आणि उरलेल्यांपाशी मिळून सर्व तुकडे नसले, तर फाईलची ओळखखूण जाळ्यात फिरत राहते आणि फाईल नसते.

देवघेवीच्या नियमालाही मर्यादा आहेत. २००७ मध्ये मायकेल पियाटेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोहेन ह्यांचे शीर्षकच प्रश्नार्थक करून एक निबंध प्रसिद्ध केला. ज्याला नेमके किती दिले असता तो परत देतो एवढेच मोजून देणारे आणि उरलेला वेग अन्यत्र वापरणारे सॉफ्टवेअर त्यांनी बनवले, आणि स्वार्थी यंत्राचा लाभ होतो असे दाखवले. एका विधानार्थी वाक्याला प्रश्नचिन्ह लावून केलेले इतके नेमके खंडन संशोधनपर लेखनात क्वचितच आढळते.

मध्यवर्ती सत्ता काढून टाकल्याचा दावाही तपासून घ्यावा लागतो. आरंभी 'ट्रॅकर' नावाचे यंत्र सहभागींची एकमेकांशी गाठ घालून देई. पेटार मेमुन्कोव्ह व डेव्हिड माझिएर्स ह्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या कॅडेमलिया पद्धतीच्या आधारे २००५ पासून हे कामही सहभागींतच विभागले गेले. तरी नवागताला पहिल्या ओळखीचा एखादा पत्ता लागतोच. त्याहून बोलका प्रकार निमंत्रितांपुरत्या मर्यादित संकेतस्थळांचा आहे. तेथे 'लीच' ही निंदा गंभीरपणे घेतली गेली. प्रत्येक सदस्याने किती घेतले आणि किती दिले ह्याचे गुणोत्तर ठेवले जाते, आणि ते घसरले की सदस्यत्व जाते. वीस सेकंदांची स्मृती असलेल्या यंत्रणेला दीर्घ स्मृती देण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो फाईली जिवंत ठेवण्यात पुष्कळ अंशी यशस्वीही झाला. परंतु खातेवही ठेवायची म्हणजे कारकून आला, आणि कारकून आला म्हणजे केंद्र आले. दुसरी वाट पैशाची होती. बिटटॉरेंट ही कंपनी २०१८ मध्ये ट्रॉनने विकत घेतली आणि २०१९ मध्ये, टिकून राहणाऱ्या धारकाला मोबदला मिळावा म्हणून, तिचे एक आभासी नाणे काढण्यात आले. कोहेन ह्यांच्या विवेचनातील रिकामी जागा एकदा हिशेबाने आणि एकदा नाण्याने भरावी लागली. शब्दाने ती भरलेली नव्हती, हेच ह्यातून दिसते.

मराठीत ही परिभाषा आणताना 'जळू' आणि 'बीजदाता' असे शब्द घडवणे म्हणजे इंग्रजीतील चूक शब्दशः उतरवून घेणे होय. 'जशास तसे' हा ज्या खेळनियमासाठी सहज सुचणारा शब्द आहे, तोही येथे उपयोगी नाही; मराठीत त्याला सूडाचा वास येतो, आणि मूळ नियमातील पहिले पाऊल तर सहकार्याचे असते. आपल्या शेतकीच्या भाषेत ह्या व्यवहाराला अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे सावड. आज तुझ्या शेतावर माझे बैल, उद्या माझ्या शेतावर तुझे; उपकार नाही, मजुरीही नाही. अपूर्ण प्रतींच्या धारकांत चालते ती सावडच. त्यांना 'सावडकरी' म्हटले तर निंदा टळते आणि यंत्रणेचे यथार्थ वर्णनही होते. भेद एवढाच की गावातील सावड हंगामभर लक्षात राहते.

पूर्ण प्रत बाळगून थांबणाऱ्याचे काम मात्र सावडीत बसत नाही. ते इर्जिकीतही बसत नाही, कारण इर्जिकीत निदान जेवण असते. मराठीत बी ही पेरण्याची वस्तू आहे, तशीच ती पुढच्या वर्षासाठी खाण्यातून वगळून ठेवण्याचीही वस्तू आहे. घरात धान्य संपत आले तरी बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही, ही शिस्त त्या शब्दामागे उभी आहे. इंग्रजी शब्दात पेरणारा दिसतो. मराठीत राखणारा दिसू शकेल. म्हणून 'बीजराखा' ही संज्ञा, कानाला किंचित खडबडीत असली तरी, अधिक खरी ठरेल.

हा भेद मराठीच्या अभ्यासकाला अगदीच परका नाही. इंटरनेट आर्काइव्ह ह्या ग्रंथसंग्रहाने ऑगस्ट २०१२ पासून आपल्याकडील दहा लाखांहून अधिक नोंदी बिटटॉरेंटद्वारेही उपलब्ध केल्या. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात प्रतिमांकित झालेली अनेक जुनी मराठी पुस्तके त्याच संग्रहात आहेत आणि संशोधक ती नित्य वापरतात. एखाद्या लोकप्रिय चित्रपटाच्या फाईलभोवती हजारोंचे मोहोळ जमते; शतकापूर्वीच्या एखाद्या व्याकरणग्रंथाभोवती सहसा कोणी नसते. तेथे संग्रहाची स्वतःची यंत्रेच राखणदार म्हणून उभी असतात. ती नसतील त्या दिवशी त्या ग्रंथाची प्रत, तो एकदा उतरवून घेऊन खिडकी बंद न केलेल्या वाचकाच्या यंत्रावर शोधावी लागेल.