बिबट्या, कुत्रा आणि दोन समीकरणे

भक्ष्य वाढले की भक्षक वाढतात, भक्षक वाढले की भक्ष्य घटते, मग उपासमारीने भक्षकही घटतात. लोटका (१९२५) आणि व्होल्टेरा (१९२६) यांच्या दोन समीकरणांतून निघणारा हा हेलकावा आपण कॅनडातील ससे व लिंक्स यांचा आलेख काढून शिकवतो. विद्यार्थी तो निसर्गाचा नियम समजतात. वास्तविक तो काही गृहीतकांचा परिणाम आहे. गॉझने १९३४ साली काचनळीत पॅरामेशियम आणि त्याचा भक्षक डिडिनियम एकत्र वाढवले, तेव्हा भक्षकाने सारे भक्ष्य संपवले आणि मग तोही मेला. हेलकावा दिसलाच नाही.

हे प्रारूप आपल्या परिसराला लावून पाहू. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाहून माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका लागतो. तिथला भक्षक बिबट्या. तो खातो काय? जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील अभ्यासात (२०१४) त्याच्या खाद्यात वजनाने सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आढळला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता.

या समीकरणांचा एक निष्कर्ष वर्गात सहसा सांगितला जात नाही. भक्षकांची सरासरी संख्या भक्ष्याच्या वाढीच्या वेगावर ठरते, भक्षकांच्या मृत्युदरावर नाही. म्हणजे उघड्यावरच्या कचऱ्यावर कुत्री पोसली, तर अखेर वाढतात ते बिबटे. दरवर्षी काही टक्के बिबटे हलवत राहिले, तरी त्यांची सरासरी उतरत नाही. एवढे शिकवले तरी प्रारूपाचे सार्थक होईल.

पण त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. कुत्रा मिळाला नाही तर बिबट्या शेळी धरतो. समीकरणात भक्ष्य एकच. शिवाय तिथे सारे बिबटे सारखे. कोणाला स्वतःचा मुलूख नाही, परका मुलूख नाही. जुन्नर भागात २००१ पासून पकडलेले अनेक बिबटे दुसऱ्या जंगलांत सोडण्यात आले. माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ झाले, असे विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले. केवळ संख्या मोजणाऱ्या समीकरणाला हा धोका दिसणे शक्यच नव्हते.

म्हणून आलेख काढण्याआधी गृहीतके फळ्यावर लिहावीत आणि त्यांतली आपल्या गावात कोणती टिकतात, हे विद्यार्थ्यांनाच तपासू द्यावे.