मिद्यान-युद्धाचा हेतु

तोरेंतील ‘गणना’ ग्रंथाच्या ३१व्या अध्यायांत ईश्वर मोशेस मिद्यानावर ‘इस्राएलाचा’ सूड घेण्यास सांगतो (वचन २). मोशे मात्र लोकांस ‘परमेश्वराचा’ सूड म्हणतो (वचन ३). फ्रान्सांतील टीकाकार राशि (१०४०–११०५) समन्वय करितो : इस्राएलाविरुद्ध उभा, तो ईश्वराविरुद्धच उभा. ह्या न्यायानें कोणतेंही स्वजनवैर धर्मयुद्ध ठरेल. मिद्राश-व्याख्यानांतील मोशे कारण देतो : आम्ही मूर्तिपूजक असतों, तर हा द्वेष झालाच नसता, सबब सूड तुझा. येथें ईश्वर प्रजेचा कैवार घेतो, नायक ईश्वराचा. स्वतःचें वैर कोणीच पुढें करीत नाहीं. हाच अर्थ आम्हांस ग्राह्य वाटतो.

बेने इस्राएल पंडित जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणिल्या. तोरेची मराठी प्रत हातीं आल्यास संग्राहकांनीं हीं वचनें ताडावींत. दोन्ही षष्ठ्या एकच केल्या असतील, तर वादाचें मूळच बुडालें.

नवी पेठ, सोलापूर