हिमप्रदेशांतील धांव

अतिशीत प्रदेशांतील मॅरेथॉन शर्यतींचीं जीं वर्णनें अलीकडे आमच्या वाचनांत आलीं, त्यांत निर्धाराचा सुकाळ आहे. घामाचा उल्लेख मात्र क्वचित्. वास्तविक तेथील खरा वैरी तोच! याकुतियांत ओइम्याकोननजीक २०२२ च्या जानेवारींत उणे ५३ अंशांत जे ४२ किलोमीटर धांवले, त्यांस ऊब हवी होती, पण घामानें भिजून चालणार नव्हतें. कारण वेग मंदावतांच ओलीं वस्त्रें अंगांतील ऊब ओढून घेतात. आरंभीं किंचित् कुडकुडतच निघावें, हा तेथील तालमीचा पहिला धडा.

हें मर्म ज्यांत उतरलें आहे तो ग्रंथ आमच्या मतें जुनाच: ॲप्स्ली चेरी-गॅरर्ड यांचा 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' (१९२२). त्यांत शर्यत नाहीं. १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यांत पेंग्विनचीं अंडीं आणावयास निघालेल्या तिघांची पायपीट आहे. तंबूबाहेर येऊन ग्रंथकारानें मान वर केली, तोंच कपडे गोठले. मग चार तास तशाच ताठ मानेनें त्यानें बर्फगाडी ओढली. निजण्याच्या पिशवींत घामाचें बर्फ सांचत गेल्याची हकीकतही अशीच, साध्या हिशेबी भाषेंत. नव्या लेखकांनीं पराक्रमाचीं विशेषणें वगळून आपल्या ओल्या मोज्यांविषयीं चार ओळी लिहिल्या असत्या, तर तीं वर्णनें आम्हीं पुन्हां वाचलीं असतीं.