रिसीव्हर वाचावा तो पाठीकडून

दुकानात होम थिएटरचा रिसीव्हर समोरून मांडलेला असतो. काळा चेहरा, आवाजाचं मोठं बटण, निळसर आकडे. त्या चेहऱ्यावरून फारसं काही कळत नाही. ज्याला त्याच्या जोडीला वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर लावायचा आहे, त्याने दुकानदाराला तो वळवायला सांगावा आणि पाठीवर ‘प्री-आउट’ अशी पाटी असलेली आरसीए सॉकेटची ओळ शोधावी. ती नसेल, किंवा तिथे फक्त सबवूफरची एक-दोन सॉकेट असतील, तर विषय तिथेच मिटला. तो रिसीव्हर स्वतःच्या ॲम्पवरच चालणार. ओळ भरलेली असेल तर मात्र ती सावकाश वाचण्यासारखी असते.

मी वाचायला घेतो डेननचा एव्हीआर-एक्स३८००एच. हा २०२२ साली आला. त्याच्या पाठीवर अकरा चॅनेलची प्री-आउट आहेत आणि सबवूफरसाठी आणखी चार. आतले ॲम्प मात्र नऊच. म्हणजे अकरा स्पीकर मांडायचे तर दोघांसाठी बाहेरचा ॲम्प लागणारच. करणाऱ्यानेच ही सोबत गृहीत धरली आहे, आणि मला या यंत्राची पहिली आवडलेली गोष्ट तीच. सगळं माझ्याच पोटात आहे, असा त्याचा आव नाही.

त्या सॉकेटपर्यंत आवाज कुठल्या वाटेने येतो ते पाहण्यात खरा आनंद आहे. एचडीएमआय केबलमधून आत येतो तो नुसता आकड्यांचा प्रवाह. डॉल्बी ॲटमॉस चित्रपटगृहांत २०१२ साली ‘ब्रेव्ह’बरोबर आलं आणि दोन वर्षांनी घरांत. त्यात एखादा आवाज कुठल्या स्पीकरमधून यावा हे बऱ्याचदा पक्कं ठरवलेलं नसतं. तो अवकाशात कुठे आहे एवढीच नोंद असते. डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर तुमच्या खोलीतल्या कोणत्या स्पीकरने किती वाजवायचं, हे रिसीव्हर चित्रपट चालू असताना क्षणोक्षणी ठरवतो. चार स्पीकर छतात असतील तर एक हिशेब, दोन असतील तर दुसरा. मग अंतरांचा हिशेब. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणून एक मीटर जवळ असलेल्या स्पीकरला सुमारे तीन मिलिसेकंद थांबवून ठेवावं लागतं. मग साधारण ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज लहान स्पीकरकडून काढून सबवूफरकडे पाठवायचा. मग खोलीचे दोष सुधारायचे, आकड्यांचा पुन्हा विद्युतसंकेत करायचा, आणि शेवटी आवाजाची पातळी लावायची.

प्री-आउटमधून संकेत बाहेर पडतो तेव्हा आवाजाबद्दलचे जवळपास सगळे निर्णय झालेले असतात. बाहेरच्या ॲम्पने तो इमानेइतबारे मोठा करायचा. म्हणून वेगळा ॲम्प येणार हे नक्की असेल, तर रिसीव्हरची किंमत प्री-आउटपर्यंतच्या कामासाठी मोजावी. त्यापुढे आतल्या वॅटचा आकडा कितीही मोठा असला, तरी ज्या स्पीकरना बाहेरचा ॲम्प मिळाला त्यांच्यापुरता तो निकामी झाला.

त्या आकड्याकडेही जरा पाहू. पत्रकावर १०५ वॅट लिहिलेले असतात; बारीक अक्षरात पुढे येतं, ८ ओहमवर, दोन चॅनेल चालू असताना. नऊही ॲम्प एकाच पॉवर सप्लायवर जगतात, त्यामुळे नऊ जण एकदम मागायला लागले की प्रत्येकाचा वाटा घटतो. चित्रपटात असा प्रसंग दुर्मीळ असतो, हेही खरं. गणित साधं आहे. तुमचा स्पीकर एका वॅटला एका मीटरवर ८७ डेसिबल देणारा असेल आणि तुम्ही तीन मीटरवर बसत असाल, तर अंतरापायी साधारण साडेनऊ डेसिबल जातात. ९५ डेसिबलच्या क्षणिक टोकाला ५५-६० वॅट पुरतात. १०५ डेसिबल हवे असतील तर त्याच्या दहापट, साडेपाचशेच्या वर. भिंतींवरून परतणारा आवाज हा आकडा थोडा खाली आणतो, पण चित्र बदलत नाही. १०५ हे टोक चित्रपटगृहाच्या संदर्भपातळीतलं आहे. घरातले बहुतेक लोक त्याच्या दहा-पंधरा डेसिबल खालीच थांबतात.

तेव्हा स्पष्ट सांगतो. ९० डेसिबलचे, ८ ओहमचे, सोपे स्पीकर आणि दहा बाय बाराची खोली असेल तर वेगळ्या ॲम्पने कानाला मोठा फरक पडणार नाही. फरक पडतो तो ४ ओहमच्या किंवा कमी संवेदनशील स्पीकरना, मोठ्या हॉलला आणि ज्यांच्या घरी संगीत चित्रपटाइतकंच, किंवा त्याहून जास्त, वाजतं त्यांना. तिथे मात्र तो चांगलाच पडतो.

आता त्या छोट्या गोल सॉकेटमधून किती व्होल्ट स्वच्छ बाहेर पडतात, हा प्रश्न. जोडी निवडताना हाच एक आकडा मी आग्रहाने तपासतो. ८ ओहमवर १०० वॅट म्हणजे सुमारे २८ व्होल्ट. ॲम्पचा गेन २९ डेसिबल असेल तर तो आलेला संकेत २८ पट करतो, म्हणजे प्री-आउटकडून एक व्होल्ट पुरे. गेन २६ डेसिबल असेल तर वीसच पट, म्हणजे १.४ व्होल्ट. आणि त्याच २६ डेसिबलच्या ॲम्पमधून २०० वॅट काढायचे असतील तर पुरे दोन व्होल्ट लागतात. दोन व्होल्टपर्यंत विकृती न वाढवता पोहोचणारा रिसीव्हर असेल तर जवळपास कुठल्याही ॲम्पशी त्याचं जमतं. एक व्होल्टनंतर दमणारा असेल तर कमी गेनचा मोठा ॲम्प घेऊन उपयोग नाही. त्याची पाऊण ताकद कायम पडून राहील.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बाहेरचा ॲम्प जोडला तरी अनेक रिसीव्हरांत आतला ॲम्प चालूच राहतो. त्याच्या तोंडी स्पीकर नसतो एवढंच. त्याचाही गेन बहुधा २९ डेसिबलच्या जवळपास असतो, म्हणजे प्री-आउट एक-सव्वा व्होल्टला पोहोचलं की आतला रिकामा ॲम्प त्याच्या टोकाला भिडतो, संकेताची टोकं कापायला लागतो, आणि त्याची गडबड त्याच पेटीतल्या प्री-आउटच्या संकेतातही उतरू शकते. डेननने २०२० च्या एक्स३७००एचमध्ये प्री-ॲम्प मोड देऊन आतले सगळे ॲम्प तोडण्याची सोय केली. एक्स३८००एचमध्ये ती चॅनेलगणिक मिळते. पुढचे तीन बाहेरच्या ॲम्पवर, बाकीचे आतल्यावर, असं मेनूत नेमून देता येतं. कागदावर ही क्षुल्लक ओळ वाटेल. माझ्या मते वेगळा ॲम्प लावणाऱ्यासाठी या रिसीव्हरमधली सर्वांत देखणी गोष्ट हीच. शिवाय पेटी थंड राहते, आणि नागपूर-जळगावच्या मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेल्या यंत्राला त्याची फार गरज असते.

गेनची जुळणी हा पुढचा भाग. पुढचे तीन स्पीकर बाहेरच्या ॲम्पवर आणि मागचे रिसीव्हरवर, म्हणजे दोन वेगळे गेन एका खोलीत आले. गायकाने षड्ज लावण्याआधी दोन्ही तंबोरे एकमेकांशी जुळावे लागतात, तसंच हे. रिसीव्हर ही जुळणी प्रत्येक चॅनेलची पातळी वरखाली करून साधतो, पण त्याच्या हातात अधिक-उणे १२ डेसिबलच असतात. संवेदनशील स्पीकर आणि जास्त गेनचा ॲम्प एकत्र आले की आकडा उणे १२ वर जाऊन अडकतो आणि पुढची जुळणी अंदाजावर राहते. म्हणून गेन बदलता येणारा ॲम्प मला नेहमी शहाणा वाटतो. एनएडीचा सी २९८ हा त्यातला एक. क्लास-डी, प्युरिफायच्या आयगनटॅक्ट मॉड्यूलवर बांधलेला, ८ ओहमवर १८५ वॅटचा, दोन चॅनेलचा.

दोन चॅनेल की तीन? संगीतप्रेमी बहुधा डाव्या-उजव्याला मोठा ॲम्प देतात आणि मधल्या स्पीकरला रिसीव्हरवर सोडतात. मला हे पटत नाही. चित्रपटातले जवळपास सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. कष्टाचं काम त्याचं. पैसे परवडत असतील तर तीन चॅनेलचा ॲम्प घ्यावा. फक्त गाणं हाच मुख्य शौक असेल तर दोनचा चालेल.

पण ज्या कामासाठी रिसीव्हर निवडायचा, ते काम म्हणजे खोलीची दुरुस्ती. आपल्याकडचे हॉल फरशीचे, उघड्या भिंतींचे, एका बाजूला मोठी काचेची खिडकी. गालिचा नाही, पुस्तकांची भिंत क्वचित. अशा खोलीत टाळी वाजवली की ती दोनदा ऐकू येते, आणि खर्जातले काही सूर एका कोपऱ्यात फुगतात तर सोफ्यावर गायब होतात. ॲम्प कितीही महागडा असला तरी यातलं काहीही सुधारत नाही. सुधारायचं ते प्री-आउटच्या आधी, मायक्रोफोनने मोजून. डेननमध्ये ऑडिसीची एक्सटी३२ पद्धत आहे. ती आठ जागांवरून मोजते. खर्ज ती सुरेख आवरते. फुगलेला ढोल पुन्हा ढोलासारखा वाजायला लागतो. मात्र तिच्या मूळ वक्रात दोन किलोहर्ट्झच्या आसपास एक मुद्दाम ठेवलेला खळगा आहे, आणि माणसाचा आवाज, सारंगी, संवादिनी यांची धार नेमकी तिथेच असते. ऑडिसीच्या वेगळ्या, विकत घ्यायच्या मोबाइल ॲपमधून तो बुजवता येतो. किशोरी आमोणकरांची एखादी आवडती ध्वनिमुद्रिका आधी तशीच ऐका, मग खळगा बुजवून ऐका. मला दुसरा स्वर जवळचा वाटतो.

खोलीच्या दुरुस्तीसाठी स्वीडनमधल्या उप्सालाच्या डिरॅक लाइव्ह पद्धतीचा पर्याय या डेननवर वेगळे पैसे भरून घेता येतो. ऑनक्योच्या टीएक्स-आरझेड५० मध्ये तो २०२१ पासून किमतीतच मिळाला. कॅनडाच्या अँथमची स्वतःची एआरसी पद्धत आहे, आणि त्यांच्या एमआरएक्स ७४० मध्ये आतले ॲम्प सात, प्री-आउट मात्र अकरा चॅनेलची. वॅटपेक्षा मेंदूवर खर्च केलेला हा विचार मला फार आवडतो. यामाहाची वायपीएओ पद्धत मला तुलनेने सौम्य वाटते. पण यामाहाचं नाव आलं की मन जरा हळवं होतं. या कंपनीची सुरुवात १८८७ साली तोराकुसु यामाहा यांनी एका शाळेचा पायपेटीसारखा ऑर्गन दुरुस्त करण्यातून झाली, आणि तसल्याच, पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर आपली संगीत रंगभूमी पुढे कित्येक वर्षं गायली.

हे सगळं जमलं की नाही, ते मी ‘सैराट’वर तपासतो. नागराज मंजुळ्यांच्या या २०१६ च्या चित्रपटाचं संगीत अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं. गाण्यात सगळी तंतुवाद्यं एकदम उसळतात तेव्हा आतला ॲम्प कुठेतरी घट्ट होतो, व्हायोलिनचा थर एकच जाड रेघ होतो. बाहेरचा सशक्त ॲम्प असेल तर तो थर उलगडलेला राहतो, आवाज वाढवला तरी कर्कश होत नाही. ही झाली अर्धी परीक्षा. उरलेली अर्धी चित्रपटाच्या शेवटी आहे. तिथे आवाजच काढून घेतलेला आहे. पाहणाऱ्याला आधार द्यायला संगीतसुद्धा नाही. अशा वेळी स्पीकरमधून बारीक ‘स्स्’ किंवा ‘घूं’ ऐकू आली तर दिग्दर्शकाने निवडलेली शांतता आपल्या यंत्रांनी मोडली.

ती ‘स्स्’ कुठून येते? रिसीव्हरच्या प्री-आउटमधली सूक्ष्म खरखर ॲम्प आपल्या गेनइतकी मोठी करतो. गेन जितका जास्त, तितकी ती ठळक. व्होल्ट भरपूर देणारा स्वच्छ रिसीव्हर आणि माफक गेनचा ॲम्प ही जोडी म्हणूनच नुसत्या ताकदीच्या जोडीपेक्षा सरस ठरते. ‘घूं’चं कारण वेगळं. रिसीव्हर, ॲम्प आणि केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स यांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जोडली गेली की त्यातून वर्तुळ तयार होतं. आधी टीव्हीची कोॲक्सियल केबल काढून पाहावी. बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं. मग दोन्ही यंत्रं एकाच सॉकेटपट्टीवर घ्यावीत. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये, कुणीही सुचवलं तरी.

माझा कौल असा. आहे त्या रिसीव्हरला पूर्ण प्री-आउट असतील तर तो बदलू नका, आधी तीन चॅनेलचा ॲम्प आणा. दोन्ही नवीनच घ्यायचे असतील तर रिसीव्हर खोलीची दुरुस्ती, दोन स्वच्छ व्होल्ट आणि आतले ॲम्प तोडण्याची सोय एवढं पाहून घ्या, आणि वॅटचे पैसे ॲम्पसाठी राखा. या कसोटीवर एक्स३८००एच मला आजही पुरेपूर उतरलेला वाटतो. आणि ॲम्प ज्या दिवशी जोडाल, त्या दिवशी जुनी मोजणी पुसून टाका. पंखा बंद करून, खिडक्या लावून, मायक्रोफोन आठही जागी ठेवून ती नव्याने करा.