'अ रेझिन इन द सन' : घर, वर्ण आणि शिकागो शहर

लॉरेन हॅन्सबेरी (१९३०–१९६५) या कृष्णवर्णीय लेखिकेचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक ११ मार्च १९५९ रोजी ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीचे नाटक तेथे सादर होण्याचा तो पहिलाच प्रसंग होय. या नाटकाकडे सामान्यतः स्वाभिमानाच्या विजयाची कथा म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकास हे वाचन अपुरे वाटते. नाटकाच्या केंद्रस्थानी एक घर आहे आणि त्या घराचा पत्ता शिकागोच्या श्वेतवर्णीय वस्तीतील आहे, याचा विचार प्रथम करणे अगत्याचे ठरते.

शिकागोच्या साऊथ साईड भागातील कोंदट खोल्यांत यंगर कुटुंबाच्या तीन पिढ्या राहतात. वडिलांच्या मृत्यूनंतर विम्याचे १०,००० डॉलर येतात. त्यांतील ३,५०० डॉलर भरून आई लीना क्लायबोर्न पार्कमध्ये घर घेते. कृष्णवर्णीयांसाठी दूरवर बांधलेल्या घरांची किंमत इतर घरांच्या जवळपास दुप्पट असते, म्हणून हे घर घेतले, असे ती साधेपणाने सांगते. टीकाकार हे वाक्य सहसा ओलांडून जातात. वस्तुतः साऱ्या नाटकाचे अर्थशास्त्र त्यात आहे. गोऱ्यांच्या शेजाराची लीनाला ओढ नाही. तिला परवडणारे घर हवे आहे.

त्यानंतर येतो कार्ल लिंडनर. तो वस्तीच्या सुधारणा मंडळाचा प्रतिनिधी आहे. तो मृदू बोलतो, अवघडतो, वर्णद्वेषाचा येथे काही संबंध नाही असे सांगतो आणि आपापल्या लोकांतच माणसे सुखी असतात, असे सुचवून घर जास्त किंमतीने परत घेण्याची तयारी दाखवतो. वांशिक पूर्वग्रहाचे इतके सभ्य रूप रंगभूमीवर क्वचितच आले असेल. पण लिंडनर पैसे घेऊन का येतो? न्यायालयात का जात नाही?

याचे उत्तर लेखिकेच्या घरातच सापडते. तिचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ मध्ये शिकागोतील वॉशिंग्टन पार्क भागात घर घेतले. तेथील घरमालकांनी, कृष्णवर्णीयांना घर विकू वा भाड्याने देऊ नये, असा निर्बंध-करार केलेला होता. जमावाने घरावर हल्ला केला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४० मध्ये निकाल हॅन्सबेरींच्या बाजूने लागला खरा, पण तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर. पूर्वीच्या दाव्यात जे पक्षकार नव्हते त्यांना तो निकाल बांधील नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले; असे करार वैध की अवैध, या प्रश्नाला हात लावला नाही. १९४८ च्या 'शेली विरुद्ध क्रेमर' निकालानंतर हे करार न्यायालयातून अमलात आणता येईनासे झाले. कायद्याचा दरवाजा बंद झाल्यामुळेच लिंडनरच्या हाती पैशाची थैली आली आहे.

येथे नाटकाची एक मर्यादाही नोंदवावी लागते. हप्ते भरण्यासाठी सून रूथ वाटेल तितके राबायला तयार आहे. पण कर्ज कोण देणार, कोणत्या अटीवर, याविषयी संहिता मौन पाळते. शिकागोचे विभाजन केवळ शेजाऱ्यांच्या मनोवृत्तीने झालेले नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कृष्णवर्णीय वस्त्यांतील कर्जांना हमी नाकारली आणि निर्बंध-करारांची शिफारस केली. परिणामी अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राहील अशा करारांवर घरे घ्यावी लागली. एक हप्ता चुकला तरी घर हातचे जाई. लिंडनर रंगमंचावर येऊ शकतो. कर्जाचा नियम कसा येणार? वास्तववादी नाटकाची ही अडचण आहे, एकट्या हॅन्सबेरीची नव्हे.

डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या लेखनामुळे कृष्णवर्णीय साहित्य मराठी वाचकास अपरिचित राहिलेले नाही. तथापि आपल्याकडे त्याची चर्चा विद्रोह आणि अस्मिता या दोन शब्दांभोवतीच अधिक फिरली. हॅन्सबेरीचा विद्रोह घराच्या किंमतीपासून सुरू होतो.

शेवटी वॉल्टर लिंडनरचे पैसे नाकारतो आणि कुटुंब सामान हलवते. लीना मागे वळून आपले खुरटलेले रोपटे उचलते. पडदा पडतो तो नव्या घरात पाऊल पडण्यापूर्वीच. त्या घराच्या खिडकीवर काय येऊन आदळेल, हे लेखिकेने लहानपणी पाहिले होते. कार्ल हॅन्सबेरी १९४६ मध्ये मेक्सिकोत वारले. तेथे स्थायिक होण्याचा त्यांचा विचार होता. नाटकानंतर सात वर्षांनी, ५ ऑगस्ट १९६६ रोजी, शिकागोच्या मार्केट पार्क भागात घरांच्या प्रश्नावरील मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या डोक्याला दगड लागला.