धातुकामाचे दोन ग्रंथ : एक परीक्षण

विसापूर किल्ल्यावरील लोखंडी तोफ पाहून आलेले लोणावळ्याचे विद्यार्थी विचारतात, ही ओतण्याची रीत आपल्या कोणत्या पोथींत सांपडेल? त्या तोफेवर ट्यूडर घराण्याचा गुलाब, मुकुट व ई. आर. हीं अक्षरें असल्याची नोंद १८८५ च्या पुणें गॅझेटियरांत आहे. तेव्हां तिची रीत संस्कृत पोथींत शोधणें व्यर्थ होय. परंतु धातुविद्येची हौस असणारांस दोन ग्रंथ खचित उपयोगी आहेत. मात्र ते कसे वाचावे, याविषयीं थोडें लिहिणें अवश्य वाटतें.

पहिला रसरत्नसमुच्चय. पुण्याच्या आनंदाश्रमानें तो १८९० सालीं छापिला. खर्परापासून जस्त काढण्यास त्यांत वांग्याच्या आकाराची मूस, तीस बारा अंगुळें नळी व नळीचें तोंड धोत्र्याच्या फुलासारखें सांगितलें आहे. ज्वाळेचा निळा-पांढरा पालट ही खूण. केवळ वैद्यक समजून हा भाग पुष्कळांनीं सोडून दिला. पुढें राजस्थानांत झावर येथें १९८३ सालीं उत्खनन झालें, तेव्हां वांग्याच्याच आकाराच्या छत्तीस मुशी एका भट्टींत मांडीत असें दिसून आलें. ग्रंथकाराची उपमा अलंकारासाठीं नव्हती, ती कारागिराची मापपट्टी होती.

दुसरा, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास. याचा पहिला भाग बडोद्यास १९२५ सालीं श्रीगोंदेकरांनीं प्रसिद्ध केला. मेणाची मूर्ति करून तिला धोत्र्याच्या फुलाएवढ्या नळ्या जोडाव्या, मातीचे तीन लेप द्यावे, मेण वितळवून काढावें व पोकळींत धातु ओतावा, ही रीत त्यांत इतकी स्वच्छ आहे कीं विद्यार्थ्यास तीच प्रथम द्यावी. मावळांत रस्त्याच्या कडेला धोत्रा उगवतो; फूल हातांत घेऊन हा भाग वाचावा.

आतां दोष. मेणाच्या बारापट रुपें व सोळापट सोनें घ्यावें असें तेथें प्रमाण दिलें आहे. ताळा करून पाहतां रुपें मेणाच्या सुमारें अकरापट जड असतें. बारापटींत नळ्यांपुरती शिल्लक उरते. शुद्ध सोनें मात्र सुमारें वीसपट जड; सोळापटींत सांचा अपुरा राहील. चवथा हिस्सा तांबें-रुपें मिसळलेल्या सोन्यास तें प्रमाण जवळजवळ जुळतें. राजाच्या ओताऱ्यांनीं हिणकस सोनें धरलें होतें, कीं हा लेखकाचा प्रमाद, हें पाठावरून ठरत नाहीं. पोथ्यांतील अंक ताडून पाहिल्याविना तें ठरणारही नाहीं.

यास्तव संग्राहकांस विनंति कीं, रसग्रंथांचीं हस्तलिखितें नोंदतांना आद्यन्त श्लोकांवर संतुष्ट राहूं नये. मापें, वजनें व समासांतले आंकडे जसेच्या तसे उतरून घ्यावे. व्याकरणशुद्ध पाठ तराजूवर चुकीचा ठरूं शकतो, आणि अशुद्ध म्हणून बाजूस सारलेला पाठ कदाचित् भट्टीजवळ बसलेल्या मनुष्याचा असतो.